इथे गुन्हा विचारला जात नाही

६ ऑगस्ट

मामा,

फोनवर माणूस नुसता बोलतो आणि पत्रात काहीतरी सांगतो, हे तुझं म्हणणं मान्य. म्हणून हा कागद. शिवाय हल्ली एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी मी जिथे जाते तिथे फोन दारावरच्या कप्प्यात ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्यामुळे हाताला पुन्हा लिहायची सवय लागली आहे.

बातमी अशी की तुझी भाची पुढारी झाली. आमच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांचा एक अभ्यासगट आहे, तुरुंग आणि न्यायव्यवस्था यांवरचा. यंदा तो चालवायचं माझ्या गळ्यात पडलं. निवडणूक वगैरे काही नाही. मी बैठकीतून चहा करायला उठले, परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. आम्हाला तळघरातली खोली दिली आहे, झेरॉक्सच्या खोलीला लागून. पलीकडे मशीन सुरू झालं की आमची भिंत थरथरते आणि बोलणाऱ्याला वाक्य अर्ध्यात धरून थांबावं लागतं. खुर्च्या वेगवेगळ्या विभागांनी टाकून दिलेल्या, एकीची उंची दुसरीला नाही. मतदान आम्ही करत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी आमची जुनी पद्धत आहे.

खरं काम मात्र बुधवारचं. तुरुंगातल्या वाचनमंडळाचं. आतली काही माणसं आणि आमच्यातले काही जण एका खोलीत गोल बसतो आणि वाचतो. सूत्रं हाती आल्यावर मी पहिला नियम केला: आतल्या कुणालाही, त्याने काय केलं, हे विचारायचं नाही. पोलिसांनी विचारलं, कोर्टाने विचारलं, वर्तमानपत्रांनी तर न विचारताच छापलं. निदान आम्ही तरी नको. तळघराच्या दारावर पाटी लावली आहे, तू गिरवून घेतलेल्या टपोऱ्या अक्षरात: ‘इथे गुन्हा विचारला जात नाही.’

आमच्यातला एक कायद्याचा आहे. त्याला आम्ही वकील म्हणतो, तो आहे म्हणून आणि चिडवायचं असतं म्हणूनही. तो म्हणाला, “म्हणजे डॉक्टरने पेशंटला, काय होतंय, असं विचारायचं नाही!” मी म्हटलं, “आपण डॉक्टर नाही.” तो म्हणाला, “मग कोण आहोत?” तेवढ्यात झेरॉक्स सुरू झालं आणि उत्तर राहून गेलं.

तुझ्याकडे एक काम आहे. मंडळात एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत, आतल्या सुतारखान्यात काम करतात. सगळे त्यांना सुतार म्हणतात, मी सुतारदादा म्हणते. आम्ही नेलेले जाडजूड लेख त्यांनी महिनाभर निमूट ऐकले आणि परवा म्हणाले, “ताई, शाळेतल्या कविता नाही का आणता येणार?” तुझं ते जुनं क्रमिक पुस्तक पाठवशील? जपून वापरीन. आईला सांग, जेवते आहे.

तुझी
खडू

१७ ऑगस्ट

खडूबाई,

माझ्या सदऱ्याच्या खिशातले खडू चोरून खाणारी मुलगी एका गटाची प्रमुख झाली! पत्र वाचलं आणि क्षणभर पुन्हा वर्गात उभा राहिलो. शेवटच्या तासाचं तिरकं ऊन बाकांवर यायचं, धुळीचे कण त्यात तरंगायचे आणि चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. त्यातला निम्मा सूर बेसूर असायचा, पण खिडकीबाहेरून जाणारी माणसं थांबायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुस्तक सोबत पाठवतो. पुठ्ठा सुटला आहे, दोऱ्याने बांधला आहे. तुझा नियम वाचला आणि मला त्यातली ‘नदी’ आठवली. कवीचं नाव पुस्तकातही नव्हतं, तुला आठवेल:

नदी न पुसते गाव कुणाचे, नदी न पुसते नाव,
ओंजळ दिसता भरून जाते, इतुका तिचा स्वभाव.

आयुष्यभर मी हे शिकवलं. शिकवून काय होतं, असं वर्गातली व्रात्य पोरं विचारायची. आज उत्तर मिळालं. दोन ओळींचा नियम झाला आणि तो तुरुंगाच्या भिंतीआड गेला. पोरी, याहून मोठी शिक्षकाला पेन्शन नसते.

तुझी आई पाठीमागून पत्र वाचत होती. चष्मा पुसत म्हणाली, “ते सगळं खरं, पण त्याने केलं काय?” मी म्हटलं, अगं, तेच तर विचारायचं नाही. ती म्हणाली, “शेजारणीकडे भाडेकरू आला तरी आपण विचारतो, कुठले, काय करता. आणि हा माणूस इतकी वर्षं आत आहे आणि त्याला कुणी साधं विचारायचंही नाही? विचित्रच आहे.” तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. कविता तिला कधीच चढली नाही. माझी सख्खी बहीण असून!

सुतारांना माझा नमस्कार सांग. नदी कुठल्या चालीवर म्हणायची ते मी पानाच्या कडेला लिहिलं आहे.

तुझा
मामा

२२ ऑक्टोबर

मामा,

इतक्या उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. गट चालवणं म्हणजे निम्मा वेळ खोलीची किल्ली शोधणं आणि उरलेला निम्मा माणसांची तोंडं एका दिशेला करणं.

पण तुझं पुस्तक! सुतारदादांनी ते हातात घेतलं, आधी वास घेतला, मग सुटलेला पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. पुढच्या खेपेला गेले तर पुठ्ठा जागच्या जागी बसलेला. “लाकडाचा गोंद आहे ताई, पण कागदालाही धरतो.” आता दर खेपेला शेवटी ‘नदी’ होते. ते सुरू करतात, तू लिहिलेल्या चालीवर, आणि बाकीचे मागून. दारातला शिपाईसुद्धा ओठ हलवतो, पाहिलं की थांबतो.

एक प्रसंग सांगते, तुला आवडेल. गेल्या खेपेला सगळे उठल्यावर ते मागे रेंगाळले. म्हणाले, “ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी आत कशामुळे आलो ते.” हातात टोपी होती, तिची घडी घालत होते, मोडत होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “दादा, इथे त्याची गरज नाही. तुम्ही आमच्यासाठी तेवढेच नाही आहात.” त्यांनी टोपी डोक्याला घातली. मग म्हणाले, “बरं.” आणि गेले. मामा, एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ह्याच अनुभवावर निबंध लिहिते आहे, ‘न विचारण्याची नीती’. मे महिन्यात मोठी परिषद आहे, तिथे पाठवणार. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे नवं आहे.

आणि मुख्य गोष्ट. दादांचा लवकर सुटकेचा अर्ज जानेवारीत सुटका मंडळापुढे येणार आहे. बाहेरच्या कुणी पाठिंब्याचं पत्र दिलं, प्रत्यक्ष येऊन बोललं आणि बाहेर काम मिळण्याची खात्री दाखवली, तर फरक पडतो म्हणे. यावेळी नाही झालं तर पुढचा अर्ज तीन वर्षांनी. पत्र आम्ही देणार. बोलायला मी जाणार. कामाचं तेवढं बघशील का?

तुझी खडू

९ नोव्हेंबर

खडू,

कामाचं झालं! पण कसं झालं ते ऐक.

आधी आपल्या शाळेत गेलो. बाकांचे पाय लुळे पडले आहेत, सुताराची गरज आंधळ्यालाही दिसेल. मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, काय केलंय त्यांनी?” मी म्हटलं, नदी न पुसते. ती म्हणाली, “सर, नदीवर पालकसभा नसते.” मी चहा अर्धा टाकून उठलो. कधीकाळी हीच मुलगी स्नेहसंमेलनात नदी झाली होती, निळी साडी नेसून!

मग लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला माझा विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. फळ्यांच्या थप्पीवर मला बसवलं आणि काही न विचारता म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सांगताय ना? मग संपलं. सुटला की पाठवा. मागच्या खोलीत राहील, खिडकीपाशी त्याचं काम करायचं टेबल ठेवतो.” तसं पत्रही लिहून दिलं, ते सोबत आहे. खिडकीतून काय दिसतं म्हणशील तर एक चिंचोळी गल्ली आणि समोरच्या घराच्या दोरीवरचे कपडे. पण गजांशिवायची खिडकी आहे.

त्या दादांना तू थांबवलंस तो प्रसंग मी दोनदा वाचला. तुझ्या आईनेही वाचला. ती उठून आत गेली. मी समजलो, डोळे भरून आले असतील.

निबंधाबद्दल अभिनंदन.

तुझा मामा

१४ डिसेंबर

मामा,

वखारवाल्यांचं पत्र दादांना दाखवलं. त्यांनी ‘खिडकीपाशी’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “उजेड डावीकडून येतो की उजवीकडून?” मला सांगता येईना. तू कळव. रंधा मारताना म्हणे फरक पडतो.

पाठिंब्याच्या पत्राने मात्र आमचा जीव खाल्ला. वकिलाने मसुदा करून आणला होता. त्यात दुसरंच वाक्य, ‘आपल्या अपराधाचा त्यांना मनापासून पश्चात्ताप आहे’. आमच्यातला संख्याशास्त्राचा एक जण म्हणाला, हे आपल्याला कसं माहीत? वकील म्हणाला, “विचारून. जाऊन विचारा, त्यांनी काय केलं आणि आता काय वाटतं. मंडळ पहिलं तेच बघतं.” त्यावर जी खडाजंगी झाली! पश्चात्तापाची मागणी हा अपमान आहे, असं मी म्हणाले. माणसाला गुडघ्यावर आणल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही त्यांची पद्धत, मग आपणही तीच भाषा बोलायची? आणि दारावर ती पाटी लावून?

वकील म्हणाला, “पाटी तुझ्या दारावर आहे. कडी त्यांच्या दाराला आहे.”

बैठक लांबली. एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही, हे तुला माहीत आहेच. झेरॉक्सवाला कुलूप लावून घरी गेला. चहा संपला, बिस्किटं संपली. शेवटी वकिलाने दप्तर खांद्याला लावलं आणि म्हणाला, “करा काय करायचं ते.” ही संमती धरायची का, यावर अर्धा तास गेला. धरली. ते वाक्य काढलं. अपराध हा शब्दही काढला. आता पत्रात त्यांचं सुतारकाम, वाचन, कविता, सहवास, सगळं आहे आणि फार सुंदर झालंय, तुझा हात असल्यासारखं.

दादांनाही मी नीट समजावलं आहे. “तिथेही ते सांगायला तुम्ही बांधील नाही. मान खाली घालायची नाही.” ते म्हणाले, “तुम्ही म्हणता तसं, ताई.”

तुझी खडू

२ जानेवारी

चि. खडूस, अनेक आशीर्वाद घेऊन हे पत्र येते आहे.

उजेड डावीकडून येतो. मुद्दाम जाऊन पाहिलं. वखारवाल्याने टेबल ठेवलं आहे, त्यावर नवा रंधा, फडक्यात गुंडाळलेला.

मंडळापुढे घाईने बोलू नकोस. ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचा, मधे नाही. तू लहानपणी ‘नदी’ म्हणताना नेहमी ‘भरून’पाशी श्वास तोडायचीस आणि ‘जाते’ तेवढं एकटं पडायचं.

तुझ्या आईने खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

मामा

‘खडे, मी काही शिकलेली नाही. पण तुझे बाबा गेले तेव्हा महिनाभर लोक येऊन बसायचे आणि हवापाण्याचं बोलून जायचे. मला वाईट वाटू नये म्हणून कुणी विचारायचं नाही, कसे गेले. मला सांगायचं होतं गं. त्या माणसाला एकदा विचार. — आई’

२८ फेब्रुवारी

खडू,

तीन पत्रं पाठवली. फोन केला तर ‘नंतर बोलते’ म्हणालीस आणि नंतर झालंच नाही. काही चांगलं असतं तर तू सांगितलं असतंस, एवढं मला कळतं, म्हातारा झालो तरी. वखारवाला दर दोन दिवसांनी विचारतो. त्याला काय सांगू? तुझी आई काही विचारत नाही, ते मला जास्त लागतं.

मामा

११ मार्च

मामा,

सांगते. शेवटी श्वास घेईन.

मंडळाची खोली म्हणजे शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीसारखी होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्षबाईंना सर्दी झाली होती, त्या सारख्या रुमाल शोधत होत्या. राक्षस वगैरे नव्हत्या. आमचं पत्र त्यांनी पूर्ण वाचलं, मला दिसत होतं. वखारीचं पत्र वाचून चक्क मान डोलावली. मग मला विचारलं, “तुम्ही यांना चांगलं ओळखता?”

“हो. खूप.”

“यांनी काय केलं, माहीत आहे?”

“आम्ही ते विचारत नाही.”

मामा, मी हे अभिमानाने म्हणाले. मान ताठ करून. परिषदेत म्हणायचं तसं.

“का?”

“माणूस म्हणजे त्याचा गुन्हा नसतो, म्हणून.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण गुन्हा वगळून जो उरतो, तेवढाच माणूस आमच्यापुढे आणून कसं चालेल? तुम्ही सांगताय, हे बदलले. कशापासून बदलले?”

मी काहीतरी बोलले. आता आठवत नाही. निबंधातलंच असणार.

“त्यांनी कधी त्याबद्दल काही बोलून दाखवलं?”

“त्याची गरज वाटली नाही.”

“कुणाला?”

त्यांनी हे टाकून बोलल्यासारखं विचारलं नाही. खरंच विचारलं. मग त्या दादांकडे वळल्या. “तुम्हाला काही सांगायचंय?”

दादांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मामा, मी मान हलवली, धीर द्यायला! त्यांना वाटलं, नको सांगू म्हणते आहे. की त्यांना बरोबरच वाटलं? ते म्हणाले, “ताईंनी सांगितलं ते सगळं.” आणि मान ताठ ठेवून बसले, मी शिकवलं होतं तसे. तिथे तो ताठपणा फार वाईट दिसत होता.

अर्ज फेटाळला. कारण दिलं, ‘अपराधाची जाणीव दिसून येत नाही’. पुढचा तीन वर्षांनी.

गटाची बैठक झाली. मंडळाचा निषेध करणारं पत्रक काढलं, त्यावर मात्र पाच मिनिटांत एकमत झालं. वकील आला नव्हता. नंतर जिन्यात भेटला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “तू जेवलीस का?” मला वाटलं त्याच्या कानाखाली वाजवावी.

नंतरच्या बुधवारी दादा वाचनमंडळात आले नाहीत. त्याच्या नंतरच्याही नाही. तुझं पुस्तक शिपायाच्या हाती परत पाठवलं आहे.

निबंध स्वीकारला गेला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, नकाराचा प्रसंग घातलास तर आणखी धार येईल.

खडू

२० एप्रिल

खडू,

परवा मी तुमच्या शहरात येऊन गेलो. तुला कळवलं नाही, तू आडवी आली असतीस.

भेटीसाठी नाव दिलं होतं, नातं या रकान्यात ‘कवितेचे शिक्षक’ लिहिलं. शिपाई हसला, पण सोडलं. कप्प्यात पाकीट, काठी, चष्म्याची डबी सगळं ठेवून घेतलं. काठीशिवाय तो लांब बोळ चालताना मला कळलं, किती दिवसांनी मी भिंत धरली.

खोलीत जमिनीला घट्ट बसवलेली टेबलं आणि खुर्च्या आहेत, तुला ठाऊकच असेल. तो समोर बसला. चांगला रुंद माणूस, नखांत भुसा. मी म्हटलं, “मी तुमच्या ताईंचा मामा.” तो म्हणाला, “चाल तुम्ही लिहिली होती. तिसऱ्या कडव्यात जरा चुकली आहे.” मी म्हटलं, खरं आहे. शेजारच्या टेबलावर एक बाई कुणाला तरी घराला रंग कुठला द्यायचा ते विचारत होती.

आणि मी विचारलं. “तुम्ही काय केलंत?”

त्याने सांगितलं. सांगायला वेळ लागला नाही. वाक्यं कधीपासून रंधा मारून ठेवली होती, एकही कुसळ वर आलेलं नव्हतं. कुणाचं नाव चुकवलं नाही, दारूवर ढकललं नाही, नशिबावर ढकललं नाही. जे केलं ते वाईट होतं, पोरी. मला वाटलं होतं, ऐकल्यावर हा माणूस मला लहान दिसेल, किंवा बिचारा दिसेल. तसं काही झालं नाही. ऐकून मी घाबरलो आणि तरी उठावंसं वाटलं नाही, एवढंच सांगता येतं. ते काय होतं, हे मी इथे लिहीत नाही. तुझ्या नियमासाठी नव्हे. ते त्याच्या तोंडून ऐकायचं असतं, पत्रातून मामाच्या अक्षरात नाही.

निघताना मी मूर्खासारखं म्हटलं, “ती नदी तेवढी सोडू नका.” तो म्हणाला, “गुरुजी, रागावणार नसाल तर सांगतो. मी ती पुष्कळदा म्हटली. नदी विचारत नाही, हे खरं. पण का विचारत नाही? तिला थांबायचंच नसतं. भरून जाते, असंच लिहिलंय ना? जाते. तिला कुणाचं काय पडलेलं असतं?”

खडू, मी ती ओळ चाळीस वर्षं पोरापोरींकडून घोकून घेतली. टाळ्यांचा ठेका धरून. आणि ‘जाते’ मला कधी ऐकूच आलं नाही. तू लहानपणी तो एक शब्द तोडून म्हणायचीस, तर मी तुला ओरडायचो.

परत येताना गाडीच्या खिडकीतून एक नदी दिसली. पूर्वी मी उठून दारात गेलो असतो. या वेळी पडदा ओढला.

वखारवाल्याने ती जागा भरली. त्याची चूक नाही, हंगाम आहे. नव्या पोराने तो रंधा वापरायला घेतला.

तू जा. आणि विचार.

मामा

६ मे

मामा,

गेले होते.

मला वाटलं, येणार नाहीत भेटायला. आले. बसले. टोपी टेबलावर ठेवली. मी आधी माफी मागितली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली, डास सारावा तशी. मग मी विचारलं, “दादा, तुम्ही काय केलंत?” इतक्या महिन्यांनी. आवाज माझाच वाटला नाही.

त्यांनी टेबलावरची टोपी जवळ ओढली. मग विचारलं, “हे मला समजून घ्यायला विचारताय, का तुमच्या निबंधाला?”

मी नाही म्हणू शकले असते. परिषद दोन आठवड्यांवर आहे, मामा. मार्गदर्शक बाईंनी म्हटलेली ती ‘धार’ मी लिहून ठेवली आहे, सर्दी झालेल्या अध्यक्षबाईंसकट. त्यांना हे कसं कळलं, कोण जाणे. मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

“मग माहीत झालं की या,” ते म्हणाले. रागाने नाही. एखाद्याचं माप चुकलं की पुन्हा घेऊन या म्हणतात, तसं. टोपी घेतली आणि उठून गेले. तुला मात्र त्यांनी सांगितलं, म्हातारा माणूस, कसलाही निबंध लिहीत नाही म्हणून.

भेटीची वेळ संपेपर्यंत बाहेरच्या माणसाला एकटं सोडत नाहीत. शिपाई म्हणाला, “बसा, घंटा झाली की सगळ्यांना एकदम सोडतो.” मग मी त्या घट्ट बसवलेल्या खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या टेबलावर एक मुलगा वडिलांना शाळेतलं काही म्हणून दाखवत होता. वडील त्याला सारखे विचारत होते, “मग? मग पुढे काय झालं?” मुलगा सांगत होता. मला कान झाकावेसे वाटले.

तळघरात परत गेले तर नवीन मुलांनी परिषदेसाठी पिशव्या छापून आणल्या होत्या. कापडी, छान शिवलेल्या. त्यावर माझंच अक्षर, तुझं टपोरं वळण: ‘इथे गुन्हा विचारला जात नाही.’ सगळ्यांना फार आवडल्या. वकिलानेही एक घेतली आणि माझ्याकडे न बघता खांद्याला लावली. दारावरची पाटी मी काढायला गेले, तर कळलं, एकमत लागेल.

आईला सांग, मी विचारलं. उशिरा विचारलं, हेही सांग. ती जे काही म्हणेल ते मला जसंच्या तसं कळव, गोड करू नकोस. पुस्तक तुला परत पाठवते आहे. पुठ्ठा अजून घट्ट आहे.

आणि मामा, एक विनंती. तू नक्की विचारशील, म्हणून आधीच लिहिते. तो निबंध मी मागे घेतला का, एवढं मला विचारू नकोस.

खडू